युद्धातल्या आणि शांततेतल्या स्त्रिया : विकिपीडियावर चरित्रं लिहिताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही काही जणी आणि काही जण मिळून मराठी विकिपीडियावर स्त्रियांची चरित्रं लिहितो. लढाईत उतरलेल्या, भूमिगत राहिलेल्या, लष्करात आणि शांतिसेनेत गेलेल्या, युद्ध थांबावं म्हणून झटलेल्या अशा या स्त्रिया. नव्याने येणारे लोक जे विचारतात ते बरंचसं तेच तेच असतं, म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत. आधी सगळं पान वाचायलाच हवं असं नाही. आपला प्रश्न शोधा आणि कामाला लागा.

विकिपीडिया सगळ्यांनाच खुला आहे. मग बायकांसाठी वेगळी मोहीम कशाला?

खुला असला तरी माणूस आधी त्याच्यावरच लिहितो ज्याचं नाव कानावरून गेलेलं असतं. शाळेच्या पुस्तकातली, चौकातल्या पुतळ्याखालची, रस्त्याच्या पाटीवरची नावं विकिपीडियावर लवकर आली. २०१४ च्या अखेरीस इंग्रजी विकिपीडियावरच्या चरित्रांपैकी जेमतेम साडेपंधरा टक्के स्त्रियांची होती. २०१५ साली रोझी स्टीफनसन-गुडनाइट आणि रॉजर बॅमकिन यांनी ‘विमेन इन रेड’ हा प्रकल्प सुरू केला. ज्या पानाचा दुवा दिला आहे पण पान अजून कुणी लिहिलेलं नाही, तो दुवा लाल दिसतो. लाल दुवे निळे करायचे, म्हणून हे नाव. जगभरच्या स्वयंसेवकांनी दहा वर्षं खपल्यावर प्रमाण वीस टक्क्यांच्या आसपास आलं आहे, म्हणजे पाच चरित्रांत एक.

डोना स्ट्रिकलंड यांचं उदाहरण आम्ही प्रत्येक कार्यशाळेत सांगतो. मे २०१८ मध्ये त्यांच्यावरच्या लेखाचा मसुदा संदर्भ अपुरे म्हणून परत गेला आणि ऑक्टोबरात त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. मसुदा परत करणाऱ्याने नियम मोडला नव्हता. स्ट्रिकलंड यांच्या कामाबद्दल बाहेरच पुरेसं लिहिलं गेलं नव्हतं, ही खरी अडचण. बाहेर कुठेच नोंद नसेल तर विकिपीडियालाही ती घेता येत नाही. आमची निम्मी मेहनत ग्रंथालयात जाते ती यामुळेच.

युद्ध आणि शांतता हे दोन्ही एकाच विषयात का?

कारण एकेका बाईच्या आयुष्यात दोन्ही सापडतात. कॅप्टन लक्ष्मी सहगल १९४३ साली सिंगापुरात आझाद हिंद सेनेच्या झाशीची राणी रेजिमेंटच्या प्रमुख झाल्या, हे सगळ्यांना माहीत असतं. त्या डॉक्टर होत्या, पुढे कानपुरात त्यांनी कित्येक दशकं रुग्ण तपासले, १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांसाठी कलकत्त्यात वैद्यकीय मदत उभी केली, १९८४ च्या वायुदुर्घटनेनंतर भोपाळला गेल्या आणि २००२ साली राष्ट्रपतिपदाची निवडणूकही लढल्या, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असतं. लष्करी गणवेशातली तीन वर्षं लिहून उरलेली साठ वर्षं एका वाक्यात उरकली, तर ते चरित्र झालं असं आम्ही मानत नाही.

दुसरं कारण असं की लढाईची नोंद आपोआप होते. तिला तारीख असते, ठिकाण असतं, पदक असतं, राजपत्रात नाव छापून येतं. शांततेसाठी काम करणारीचं नाव ठरावाच्या मसुद्यात किंवा बैठकीच्या इतिवृत्तात राहून जातं. हंसा मेहता यांचंच पाहा. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा पहिला अनुच्छेद लिहिला जात असताना इंग्रजी मसुद्यात ‘सर्व पुरुष’ असाही अर्थ निघेल अशी शब्दयोजना होती. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर असलेल्या हंसाबेनांनी ती ‘सर्व मानव’ अशी बदलून घेण्याचा आग्रह धरला. १० डिसेंबर १९४८ रोजी जाहीरनामा संमत झाला तो त्याच शब्दांत. जगातल्या प्रत्येक माणसाला लागू असलेलं ते वाक्य आहे, आणि त्यासाठी कुणी पदक देत नाही.

परदेशातल्याही अनेक जणी अजून मराठीत नीट यायच्या आहेत. पहिलं महायुद्ध ऐन भरात असताना, १९१५ च्या एप्रिलमध्ये, लढणाऱ्या आणि तटस्थ अशा दोन्ही बाजूंच्या देशांतल्या हजाराहून जास्त स्त्रिया हेगला जमल्या आणि त्यांनी वाटाघाटींची मागणी केली. त्या परिषदेच्या अध्यक्ष होत्या जेन अ‍ॅडम्स. त्यांना १९३१ साली शांततेचं नोबेल मिळालं, आणि त्यांच्याबरोबर हेगला गेलेल्या एमिली ग्रीन बाल्च यांना १९४६ साली. बर्था फॉन सुटनर त्याआधीच्या. १९०५ साली शांततेचं नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री, आणि २०२३ पर्यंत हे पारितोषिक मिळालेल्या स्त्रिया एकोणीस. मदर तेरेसांवर मराठीत हवं तेवढं मिळतं. बाल्च यांच्यावर काय मिळतं ते एकदा शोधून पाहा.

कुणावर लिहू? मला नावच सुचत नाही.

हा प्रश्न आला की आम्हाला आनंद होतो, कारण नावांना तोटा नाही. आमच्या यादीतली काही सांगतो. शेजारीच काय तपासायला हवं तेही सांगतो.

सावित्रीबाई खानोलकर. जन्म २० जुलै १९१३, स्वित्झर्लंडमधल्या नशातेल इथे. वडील हंगेरियन, आई रशियन, जन्मनाव ईव्ह. विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून त्या भारतात आल्या आणि इथल्याच झाल्या. संस्कृत शिकल्या, पुराणं वाचली, महाराष्ट्रातल्या संतांवर लिहिलं. स्वातंत्र्यानंतर परमवीर चक्राची रचना त्यांच्याकडे सोपवण्यात आली. पदकाच्या मधोमध राजमुद्रा आणि भोवती इंद्राची चार वज्रं आहेत. देवांना वज्र घडवता यावं म्हणून स्वतःची हाडं देणाऱ्या दधीची ऋषींची कथा त्यामागे आहे. पहिलं परमवीर चक्र मेजर सोमनाथ शर्मा यांना मरणोत्तर मिळालं. सोमनाथ हे सावित्रीबाईंच्या जावयाचे भाऊ. एवढा ऐवज असलेलं चरित्र दोन परिच्छेदांत संपवणं हा त्या बाईवर अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं.

लिबिया लोबो सरदेसाई. गोव्यातल्या पोर्तुगीज राजवटीविरुद्ध २५ नोव्हेंबर १९५५ पासून गुप्त नभोवाणी चालवणाऱ्या दोघांपैकी एक. दुसरे वामन सरदेसाई. आधी आंबोलीच्या रानात आणि नंतर कॅसल रॉकला राहून त्यांनी पोर्तुगीज आणि कोकणीतून सहा वर्षं प्रक्षेपण केलं. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाल्याची घोषणा दोघांनी विमानातून, ध्वनिक्षेपकावरून केली. २०२५ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा त्यांनी वयाची शंभरी ओलांडली होती. गोव्याच्याच सुधाताई जोशी यांनी १९५५ साली म्हापशात बंदी असतानाही गोवा काँग्रेसच्या अधिवेशनाचं अध्यक्षपद स्वीकारलं आणि अटक पत्करली. या दोघींवर लिहिताना कोकणी आणि मराठी दोन्ही वृत्तपत्रं चाळावी लागतात, शिवाय पोर्तुगीज कागद वाचणारं कुणी मिळालं तर फारच उत्तम.

उषा मेहता यांची काँग्रेस रेडिओ ही छोडो भारत चळवळीतली गुप्त नभोवाणी त्याआधीची. मुंबईत २७ ऑगस्ट १९४२ ला ती सुरू झाली आणि १२ नोव्हेंबरला पोलिसांनी धाड घातली. उषाबेनांनी चौकशीत तोंड उघडलं नाही. त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली. जवळपास तीन महिने चाललेल्या या केंद्राची जागा पुन्हा पुन्हा बदलावी लागत होती. लेखात तांत्रिक बाजूही यायला हवी: प्रक्षेपक कुणी बांधला, कोणत्या लहरीवर कार्यक्रम लागत.

हौसाबाई पाटील. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या कन्या, ब्रिटिश सत्तेला समांतर उभ्या राहिलेल्या साताऱ्याच्या प्रतिसरकारातल्या भूमिगत कार्यकर्त्या. त्यांच्याबद्दल पुढे एका प्रश्नात अधिक येईल.

लष्करातलं म्हणाल तर डॉ. पुनिता अरोरा २००४ साली भारतीय सैन्यदलातल्या पहिल्या महिला लेफ्टनंट जनरल झाल्या आणि पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाची सूत्रं त्यांनी हाती घेतली. माधुरी कानिटकर २०२० साली त्या हुद्द्यावर पोचल्या आणि पुढे नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. शांतिसेनेतल्या मेजर सुमन गवानी यांना दक्षिण सुदानमधल्या कामासाठी संयुक्त राष्ट्रांचा २०१९ चा लष्करी लिंगसमानता पुरस्कार मिळाला. जानेवारी २००७ मध्ये लायबेरियात उतरलेली केंद्रीय राखीव पोलीस दलाची महिला तुकडी ही संयुक्त राष्ट्रांच्या शांतिमोहिमेतली पहिली संपूर्ण महिला पोलीस तुकडी. तिच्यावर स्वतंत्र लेख हवाच. त्याच लायबेरियात या तुकडीच्या चार वर्षं आधी शांतता कार्यकर्त्या लेमा बोवी यांच्यासोबत पांढरे कपडे घालून रोज मासळी बाजाराजवळ बसणाऱ्या, लढणाऱ्यांना तहाच्या टेबलावर बसायला भाग पाडणाऱ्या बायकांची गोष्ट त्या लेखाला जोडता येते.

आमच्या गावातल्या एक आजी स्वातंत्र्यसैनिक होत्या. त्यांच्यावर लेख होईल का?

होईलही आणि नाहीही. विकिपीडियावर एक निकष आहे, त्याला उल्लेखनीयता म्हणतात. व्यक्तीशी संबंध नसलेल्या, विश्वासार्ह लेखकांनी किंवा प्रकाशकांनी तिच्याबद्दल पुरेसं, सविस्तर लिहिलेलं असावं असा त्याचा साधा अर्थ. बाई थोर होती का, हे तिथे ठरत नाही. हे ऐकून लोक दुखावतात, आणि ते दुखावणं आम्हाला समजतं. घरात ताम्रपट आहे, निवृत्तिवेतनाचा कागद आहे, आजीच्या तोंडून ऐकलेल्या हकिकती आहेत, आणि तरी लेख टिकत नाही.

अशा वेळी काय करता येतं ते सांगतो, कारण इथेच सगळ्यात जास्त काम पडून आहे. हौसाबाई पाटलांचंच घ्या. प्रतिसरकारच्या इतिहासात ७ जून १९४३ ला शेणोलीला लुटलेली रेल्वेची पगाराची गाडी येते, प्रतिसरकारच्या सशस्त्र तूफान सेनेचे पुढारी येतात, बायकांची नावं मात्र ओझरती. रेल्वे, डाक बंगले, खजिने यांवरच्या हल्ल्यांत हौसाबाईंचा सहभाग होता हे सविस्तरपणे लोकांपुढे आलं ते त्या नव्वदीत असताना एका पत्रकाराने घरी जाऊन त्यांच्याशी बोलून लिहिल्यामुळे. २०२१ साली त्या वारल्या. ती मुलाखत घ्यायला दहा वर्षं उशीर झाला असता तर आज संदर्भाला काय उरलं असतं?

तेव्हा आजी हयात असतील, किंवा त्यांच्या बरोबरीचं कुणी असेल, तर आधी बोलणं ध्वनिमुद्रित करा. मग जिल्ह्याच्या वृत्तपत्रात, एखाद्या दिवाळी अंकात, तालुक्याच्या इतिहासावर पुस्तक काढणाऱ्या संपादकाकडे ते पोचवा. तिथे छापून आलं की संदर्भ तयार झाला. जुनी पत्रं, विशेषतः मोडीतली, असतील तर पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेला दाखवा. आपण स्वतः मोडी वाचून त्यातला निष्कर्ष थेट विकिपीडियावर लिहिला तर ते अप्रकाशित संशोधन ठरतं आणि काढलं जातं. त्यावर अभ्यासकाने लेख लिहिला की तोच मजकूर चालतो.

स्वतंत्र लेखापुरते संदर्भ नसतील पण एक-दोन चांगले असतील, तर गावाच्या लेखात, त्या सत्याग्रहाच्या किंवा मोर्चाच्या लेखात आजींचं नाव संदर्भासह येऊ शकतं. मराठवाड्यातल्या किती तरी जणी अशाच आल्या पाहिजेत. हैदराबाद मुक्तिसंग्राम म्हटलं की दगडाबाई शेळके यांचं नाव घेतलं जातं, पण निरोप पोचवणाऱ्या, भाकऱ्या बांधून देणाऱ्या, घरात शस्त्रं लपवणाऱ्या त्या काळच्या इतर बायकांची नावं छापील पानांत शोधावी लागतात.

पहिली महिला असली की लेख आपोआप बसतो का?

नाही. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून ३० मे २०२५ रोजी सतरा मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. ही घटना नक्कीच नोंदवण्याजोगी आहे आणि प्रबोधिनीच्या लेखात ती सविस्तर हवी. सतराही जणींची स्वतंत्र चरित्रं आज लिहू नयेत. त्यांच्या आयुष्याचं काम आता कुठे सुरू होतंय.

संदर्भ म्हणून काय काय चालतं?

मराठी विश्वकोश, चरित्रकोश, जिल्ह्यांची गॅझेटियरं, विद्यापीठांचे प्रबंध, नावाजलेल्या प्रकाशकांची पुस्तकं, वृत्तपत्रं, शौर्यपुरस्कारांसाठी भारताचं राजपत्र. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा मजकूर, जयंतीचे फलक, स्वतःचं संकेतस्थळ हे चालत नाही.

गौरवग्रंथ आणि स्मरणिका यांच्याबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण मराठीत बायकांवरचा पुष्कळ मजकूर तिथेच असतो. त्या प्रेमाने लिहिलेल्या असतात, आणि प्रेमात तारखा घसरतात. मी एका कार्यकर्तीच्या तुरुंगवासाचं वर्ष गौरवग्रंथातून घेतलं होतं. पुढे त्या काळचं वृत्तपत्र हाती लागलं तेव्हा दोन वर्षांचा फरक निघाला, आणि तोवर माझ्या लेखावरून ते चुकीचं वर्ष आणखी दोन ठिकाणी उतरलं होतं. तेव्हापासून नियम केला आहे: स्मरणिकेतून आठवण घ्यायची, आकडा मात्र दुसरीकडे पडताळायचा.

संदर्भ देताना पुस्तकाचं नाव पुरत नाही. लेखक, प्रकाशक, वर्ष आणि पृष्ठक्रमांक द्या. चारशे पानी पुस्तकात तुमचं वाक्य शोधणाऱ्या माणसावर दया करा.

दोन पुस्तकांत दोन तारखा आहेत. कुठली खरी मानू?

तुम्ही निवाडा करायचा नाही, दोन्ही द्यायच्या. राणी लक्ष्मीबाईंच्या मृत्यूची तारीख काही ठिकाणी १७ जून १८५८ मिळते आणि काही ठिकाणी १८ जून. जन्माचं वर्ष १८२८ की १८३५ यावरही एकमत नाही. लेखात कुठली तारीख कुठल्या ग्रंथात आहे ते लिहा आणि पुढे चला. वर्ष बदललं की झाशीच्या वेढ्याच्या वेळचं वय एकोणतीस की बावीस हेही बदलतं, म्हणून वय लिहितानाही तोच सावधपणा ठेवा.

आख्यायिकांचं काय करायचं? त्या काढून टाकल्या तर लोक चिडतात.

काढू नका, फक्त आख्यायिका म्हणून लिहा. पाठीशी मूल बांधून किल्ल्यावरून घोड्यासह घेतलेली उडी प्रत्येक मराठी मुलाच्या डोळ्यांसमोर असते. ती लोकस्मृती आहे आणि लोकस्मृतीचाही इतिहास असतो: कथा पहिल्यांदा कुणी छापली, चित्रांत आणि पुतळ्यांत ती कधी आली, हे सगळं लेखात बसतं.

मूळ साधनाकडेही डोळसपणे बघावं लागतं. वरसईचे विष्णुभट गोडसे वेढ्याच्या वेळी झाशीत होते आणि त्यांनी लिहिलेला ‘माझा प्रवास’ हा मराठीतला फार मोलाचा ऐवज. पण १९०७ साली चिंतामण विनायक वैद्यांनी छापलेल्या आवृत्तीवर संपादकाचा हात फिरलेला होता. मूळ हस्तलिखिताला धरून असलेली आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली आणली. तुम्ही कुठल्या आवृत्तीतून उतरवताय ते लिहिलं नाही, तर गोडसे भटजींचं वाक्य आणि वैद्यांचं वाक्य वेगळं करता येत नाही.

लेखाला नाव कुठलं द्यावं, माहेरचं की सासरचं?

ज्या नावाने ती व्यक्ती सर्वाधिक ओळखली जाते ते. बाकीच्या नावांची पुनर्निर्देशनं करायची, म्हणजे ती नावं शोधली तरी वाचक याच लेखावर पोचेल. लक्ष्मी सहगल या सिंगापुरात असताना लक्ष्मी स्वामिनाथन होत्या, म्हणून १९४३ च्या वृत्तपत्रात शोधताना तेच नाव टाका. बाईचं नाव लग्नाने बदलतं आणि तिची अर्धी कागदपत्रं शोधातून निसटतात. पुरुषांच्या चरित्रात ही अडचण क्वचितच येते. मराठीत तर जुन्या यादीत नुसतंच ‘सौ. कुलकर्णी’ असतं, किंवा नवऱ्याच्या नावाने. शोधताना माहेरचं आडनाव, सासरचं आडनाव, टोपणनाव, ‘ताई’, ‘बाई’, ‘काकू’ लावलेलं नाव असं सगळं लिहून घेऊन बसा. भूमिगत असताना घेतलेलं नाव वेगळंच असू शकतं: वडोद्यात जन्मलेल्या हजरत इनायत खान यांच्या कन्या नूर इनायत खान १९४३ साली ब्रिटनच्या गुप्तहेर म्हणून जर्मनव्याप्त फ्रान्समधून बिनतारी संदेश पाठवत होत्या, तेव्हा त्यांचं सांकेतिक नाव होतं ‘मादलेन’.

मथळ्यात ‘कै.’, ‘श्रीमती’, ‘वीरमाता’, ‘रणरागिणी’ असं काही लावू नका.

भाषा कशी ठेवायची?

आदरार्थी बहुवचन ठेवा: ‘त्या’, ‘होत्या’, ‘गेल्या’. नुसतं पहिलं नाव घेऊन ‘उषाने सांगितलं’ असं लिहू नका. पुरुषाच्या चरित्रात आपण तसं लिहीत नाही.

विशेषणं आवरा. ‘अतुलनीय शौर्य’, ‘तेजस्वी शलाका’, ‘असामान्य धैर्याची मूर्ती’ या शब्दांनी बाई दिसेनाशी होते. नूर इनायत खान यांच्या गटातले सहकारी एकामागून एक पकडले जात होते, परत येण्याची सोय लंडनने देऊ केली होती आणि त्या थांबल्या. १३ सप्टेंबर १९४४ रोजी डाखाऊच्या छळछावणीत त्यांना गोळी घालण्यात आली. १९४९ साली त्यांना जॉर्ज क्रॉस मिळाला. यात धैर्य हा शब्द कुठेही नाही.

आणि पहिलं वाक्य तपासा. ‘त्या अमुक यांच्या पत्नी होत्या’ अशी सुरुवात असेल तर ती बदला. नातं खाली, कौटुंबिक आयुष्याच्या भागात येऊ द्या. ताराबाई छत्रपती राजाराम महाराजांच्या राणी होत्या हे खरंच, पण १७०० साली महाराज गेल्यानंतर औरंगजेबाच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे सात वर्षं, मराठ्यांचं राज्य आणि युद्ध त्यांनी चालवलं, हे पहिल्या वाक्यात हवं.

इंग्रजी लेखाचं यंत्राने भाषांतर करून टाकलं तर?

कच्चा खर्डा म्हणून वापरा, तसंच्या तसं टाकू नका. लष्करी विषयात यंत्र हमखास फसतं. सर्वोच्च न्यायालयाने १७ फेब्रुवारी २०२० रोजी लष्करातल्या महिला अधिकाऱ्यांना ‘पर्मनंट कमिशन’ देण्याचा निकाल दिला. त्याचं ‘कायमस्वरूपी आयोग’ झालेलं आम्ही पाहिलं आहे. तिथे ‘स्थायी नियुक्ती’ किंवा सरळ ‘पर्मनंट कमिशन’ लिहावं. मृत्युदंड दिला गेला या अर्थाच्या इंग्रजी क्रियापदाचं ‘अंमलात आणण्यात आली’ असंही होतं. हुद्दे मेजर, कर्नल, स्क्वाड्रन लीडर असे तसेच ठेवा.

भाषांतर केल्याचं संपादन-सारांशात, म्हणजे बदल जतन करताना लिहायच्या छोट्या टिपेत, नमूद करा. मूळ लेख मुक्त परवान्याखाली असला तरी श्रेय देण्याची अट आहे. शिवाय इंग्रजी लेखातले संदर्भ उघडून पाहा. न वाचलेला संदर्भ आपल्या नावावर देऊ नये.

आणि कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेतलं तर?

शुद्धलेखन तपासायला, वाक्य सुटसुटीत करायला हरकत नाही. चरित्र मात्र तिच्याकडून लिहून घेऊ नका. कमी माहिती असलेल्या व्यक्तीवर विचारलं की ती रिकाम्या जागा स्वतःच भरते. नसलेलं पुस्तक, नसलेलं पान, खऱ्यासारखी तारीख असं सगळं येतं. आपण ज्यांच्यावर लिहितो त्यांच्याबद्दल माहिती कमीच असते, म्हणून हा धोका इथे सर्वांत मोठा.

माझ्या आईवर किंवा सासूबाईंवर मी लिहू शकते का?

लिहू नये. हितसंबंध असतो आणि तो वाक्यावाक्यांत उतरतो. लेखाच्या चर्चा पानावर आपलं नातं सांगून संदर्भांची यादी द्या, लिहायला दुसऱ्या कुणाला सांगा. घरातल्या माणसांचा खरा उपयोग छायाचित्रांसाठी होतो.

छायाचित्र कुठून आणायचं?

गुगलवरून उचलायचं नाही. भारतात छायाचित्रावरचा प्रताधिकार पूर्वी ते प्रसिद्ध झाल्यानंतर साठ वर्षं असे; २०१२ च्या कायदादुरुस्तीनंतर तो काढणाऱ्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षं असतो. प्रताधिकार संपलेला असेल तर कुठे, कधी छापलं होतं ते लिहून कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या मुक्त चित्रसंग्रहावर, चढवता येतं. संपलेला नसेल तर काढणाऱ्याची परवानगी लागते, फोटोतल्या व्यक्तीची परवानगी पुरत नाही. लग्नाच्या अल्बममधला फोटो स्टुडिओने काढलेला असतो, हेही लक्षात ठेवा. सगळ्यात सोपा मार्ग: हयात व्यक्तीला भेटायला गेलात तर विचारून स्वतः फोटो काढा आणि मुक्त परवान्याखाली द्या.

हयात व्यक्तींबद्दल लिहिताना काय सांभाळायचं?

फार सांभाळायचं. घरचा पत्ता, मुलांची नावं, सध्याची नेमणूक, आजारपण यातलं काही नको. सेवेत असलेल्या अधिकाऱ्याबद्दल अधिकृतपणे प्रसिद्ध झालं आहे तेवढंच.

युद्धात लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रियांबद्दल आमचा नियम कडक आहे. नादिया मुराद यांनी स्वतःच्या नावाने, स्वतःहून जगापुढे सांगितलं आणि त्यांना २०१८ चं शांततेचं नोबेल मिळालं. त्यांच्यावर लिहिता येतं. जिने स्वतः नाव पुढे केलेलं नाही तिचं नाव बातमीत सापडलं तरी लिहायचं नाही. भारतात अशी ओळख उघड करणं गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरीही आम्ही ते केलं नसतं.

लेखावर ‘पान काढा’ची सूचना लागली. आता?

घाबरू नका, रागावूही नका. सूचनेत कारण लिहिलेलं असतं. संदर्भ कमी म्हटलं असेल तर संदर्भ जोडा, मजकूर नक्कल वाटतो म्हटलं असेल तर तो स्वतःच्या शब्दांत पुन्हा लिहा. विश्वकोशातला परिच्छेद जसाच्या तसा उतरवला तर तो जाणारच. चर्चा पानावर शांतपणे उत्तर द्या. पानं काढण्याचे अधिकार असलेले प्रचालकही आपल्यासारखेच स्वयंसेवक आहेत. हे टाळायचं असेल तर आधी आपल्या धूळपाटीवर, म्हणजे खात्यातल्या सरावाच्या पानावर, लिहा, तीन चांगले संदर्भ जमले की मगच मुख्य नामविश्वात, म्हणजे प्रत्यक्ष लेखांत, आणा.

मानधन मिळतं का? किती वेळ लागतो? मोबाईलवर जमेल का?

मानधन नाही. संदर्भ हाताशी असतील तर एक बरा लेख दोन-तीन संध्याकाळी होतो. संदर्भ शोधायला मात्र महिनाही लागू शकतो. मोबाईलवर दुरुस्त्या छान होतात, पण मोठा लेख संगणकावर लिहिलेला बरा.

महिला दिनाला आमच्या महाविद्यालयात कार्यशाळा घ्यायची आहे.

जरूर घ्या, पण त्या दिवशी सुरुवात करू नका. आधीच्या आठवड्यात ग्रंथपालांना भेटून पुस्तकं काढून ठेवा, दहा-बारा नावं ठरवा, प्रत्येक नावाला निदान दोन संदर्भ आहेत ना ते बघा. खाती घरूनच उघडून यायला सांगा. एकाच इंटरनेट जोडणीवरून दिवसाला सहाच नवी खाती उघडता येतात, आणि चाळीस मुली ताटकळत बसतात. चाळीस अर्धवट लेखांपेक्षा दोघी-तिघींच्या गटाने पुरा केलेला एकेक लेख आम्हाला हवा. आणि ८ मार्च गेला की विसरू नका. ३१ ऑक्टोबरही चांगला दिवस आहे. २००० साली त्याच तारखेला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने स्त्रिया, शांतता आणि सुरक्षा यांवरचा १३२५ क्रमांकाचा ठराव संमत केला.

लेख लिहून झाला. पुढे?

आता इतर लेखांतून त्याच्याकडे वाट करून द्या. ज्या लेखाला कुठूनच दुवा नाही तो कुणाला सापडत नाही. विकिडेटावर, म्हणजे सगळ्या भाषांतल्या विकिपीडियांच्या सामायिक माहितीसाठ्यात, नोंद करा, योग्य वर्ग लावा, जन्मगावाच्या लेखात ‘उल्लेखनीय व्यक्ती’ खाली नाव घाला. चळवळीच्या, रेजिमेंटच्या, पदकाच्या लेखात एक वाक्य संदर्भासह जोडा. परमवीर चक्रावरचा मराठी लेख उघडून बघा. पदक कुणाकुणाला मिळालं याची यादी तिथे असेल. ते कुणी रेखाटलं तेही वरच्या परिच्छेदात आहे का, आणि सावित्रीबाई खानोलकर हे नाव लाल आहे की निळं, तेवढं पाहून घ्या.